बगळाभगत आणि कुत्र्याची छत्री

(सोलापुरातल्या तिघांच्या गप्पा; नावांऐवजी त्यांचे भाग दिलेत.)

जुळे सोलापूर: बातमीत वाचलं, 'गल्लोगल्ली कुत्र्याच्या छत्र्यांसारखे क्लासेस उगवले.' ढोंग्याला आपण बगळाभगत म्हणतोच. दोन्ही शब्द हिणवायचेच. मग क्लासवाल्याला दोन्ही लावले तर चालतील का?

होटगी रोड: चालतील, पण कामं वेगळी. छत्र्या कायम अनेकवचनात. 'तो कुत्र्याची छत्री आहे' असं कुणी बोलत नाही. बगळाभगत मात्र एकटाही पुरतो. बगळ्यावर ठपका वाईट हेतूचा, छत्रीवर घाईचा: काल नव्हती, आज आहे.

बाळे: अण्णा, अनेकवचनाचं पटलं. घाईचा ठपका मात्र खोटा. पहिला दमदार पाऊस झाला की वनविहारात कडुलिंबाखालचा कुजका पाला उचलून बघा. पांढरे, सुतासारखे तंतू पसरलेले दिसतील. खरी बुरशी ती. ओल नसली तरी माती-लाकडात तग धरून असते. ओल मिळाली की बारीक कळ्या धरतात आणि मग पाणी पिऊन एका रात्रीत फुगतात. आपण फक्त ती शेवटची रात्र बघतो. दबा धरण्यात छत्री बगळ्याच्या वरचढ निघाली की!

उलट हिप्परगा तलावावर लहान बगळा बघा. काळी चोच, काळे पाय, बोटं तेवढी पिवळीधमक. ध्यानबिन काही नाही; एक पाय पुढं टाकून गाळात थरथरवतो, काही हललं की टिपतो. खरी ध्यानस्थ ती ढोकरी, बगळ्याचीच भाऊबंद. मान खांद्यात घालून मातकट रंगाची अशी बसते की उडाल्यावर पांढरे पंख दिसले तरच कळतं. पक्ष्यांच्या पुस्तकांत तिला वंचक म्हणतात, पण बोलणी खातो तो पांढरा बगळा.

होटगी रोड: संस्कृतात हा अपमान दोघांच्याही वाट्याला कायम नव्हता. कालिदासाच्या मेघदूतात मेघाच्या सोबतीला बलाका, म्हणजे बगळ्या, येतात, आणि त्याच्या गर्जनेनं शिलीन्ध्रं, म्हणजे याच छत्र्या, वर येतात. ती उगवली म्हणजे जमीन पिकणार. बकध्यान मात्र तेव्हाही होतं.

जुळे सोलापूर: मग कुत्र्याला कशाला मध्ये घ्यायचं? 'भूछत्रासारखे' लिहू का?

बाळे: लिहा, छापील मजकुरात शोभतं. पण टोमणा बोथट होतो. अळंबी तर नकोच, ती ताटातली. चिडून लिहायचं असेल तर कुत्र्याचीच छत्री हवी. आणि क्लासवाला एकच असेल, तर बगळाभगत.