पिनोशे यांनी १९८८ चा कौल का मानला?

प्रश्न: चिलीत १९७३ पासून सत्ता बळकावून बसलेल्या जनरल पिनोशे यांनी आपण आणखी आठ वर्षे सत्तेवर राहावे की नाही, यावरच्या १९८८ च्या सार्वमतातील पराभव मान्य कसा केला? सैन्य हाताशी असताना हुकूमशहा मतपेटीपुढे का नमतो?

उत्तर १: सार्वमताची तरतूद त्यांच्याच १९८० च्या राज्यघटनेत होती आणि आपणच जिंकू, अशी त्यांची खात्री होती. ५ ऑक्टोबरच्या रात्री सरकारी आकडे रेंगाळत असताना विरोधकांनी स्वतःची मतमोजणी तयार ठेवली होती; त्यातच हवाई दलप्रमुख मातेई यांनी ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात शिरतानाच ‘नाही’ची, म्हणजे पिनोशेविरोधी बाजू जिंकल्याचे पत्रकारांना सांगून टाकले आणि निकाल फिरवण्याची वाट बंद झाली. माझ्या मते सेनाप्रमुखांच्या सत्ताधारी लष्करी मंडळातली ही फूटच निर्णायक ठरली.

उत्तर २: सहमत आहे, पण किंमतही पाहावी. १९९० मध्ये विरोधकांचे नेते एल्विन राष्ट्राध्यक्ष झाले, तरी पिनोशे १९९८ पर्यंत लष्करप्रमुखपदी राहिले आणि नियुक्त (निवडून न येता नेमलेल्या) सिनेटरांची तरतूद २००५ च्या घटनादुरुस्तीपर्यंत टिकली. पिनोशे राजवटीत छळ सोसलेल्यांना न्यायासाठी इतके ताटकळत ठेवणे मला पटत नाही.

उत्तर ३: न्यायालयांनी पुढे त्या राजवटीत बेपत्ता झालेल्या व्यक्तींचे अपहरण हा अद्याप चालू असलेला गुन्हा मानला, म्हणून तोवरच्या गुन्ह्यांना माफी देणाऱ्या १९७८ च्या कायद्याला वळसा घालून खटले उभे राहू शकले.