मदत हवी आहे: वॉकर आडनाव, हडर्सफील्ड. तीन जॉनपैकी आमचा कोणता?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. इथे युकेतले बरेच जण आहेत आणि कुळाच्या शोधात रमणारेही आहेत म्हणून विचारते.

माझं माहेर इचलकरंजी, सासर हडर्सफील्ड, वेस्ट यॉर्कशायर. आडनाव वॉकर. सासूबाई गेल्या हिवाळ्यात गेल्या, त्यांचं कपाट आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुने दाखले सापडले आणि तेव्हापासून सासऱ्यांनी एकच ध्यास घेतलाय, आपण मूळचे कुठले ते शोध म्हणून. ते ८४ वर्षांचे आहेत, त्यामुळे मला हे रेंगाळत ठेवायचं नाहीये. घरात पिढ्यान्‌पिढ्या असं सांगतात की कुणी एक पूर्वज स्कॉटलंडहून चालत आला म्हणून वॉकर.

मी वाचायला लागले तर गोष्ट वेगळीच निघाली. वॉकर म्हणजे चालणारा हे खरं, पण कापडावर चालणारा! मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ आणि तेलकट असतं, ते हौदात घालून त्यावर पाणी, शिळी लघवी (हो, घरोघरून गोळा केलेली) किंवा मुलतानी माती टाकायची आणि तासन्‌तास पायांनी तुडवायचं, म्हणजे तेल-मळ निघतो, कापड आटतं आणि लोकर एकमेकांत घट्ट बसते. मग ते मैदानात लाकडी चौकटींवर आकड्यांना अडकवून, ताणून वाळवायचं. बाराव्या शतकापासून हे तुडवायचं काम पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे करायला लागले, तरी माणसाला नाव वॉकरच राहिलं. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे एकाच धंद्याची प्रदेशाप्रमाणे तीन आडनावं झालीत, उत्तरेत वॉकर, आग्नेयेला फुलर, नैर्ऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे टकर. वेल्समधल्या टोनीपँडी गावाच्या नावातला पँडीसुद्धा हीच चक्की. तसंच वेबस्टर म्हणजे विणकर आणि लिस्टर म्हणजे रंगारी. माझ्या बाबांचे चार माग होते, सायझिंगच्या खळीच्या वासात मी वाढले, त्यामुळे हे वाचताना परकं काही वाटलंच नाही.

सासरे स्वतः मिलमध्ये फिनिशिंगला होते, कापड धुऊन मशीनमध्ये आटवायच्या खात्यात, म्हणजे तेच काम. त्यांना वाचून दाखवलं तर बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मग मी आयुष्यभर आडनावाचंच काम केलं की.

आता अडलंय कुठे ते सांगते. १९२१ च्या जनगणनेपासून मागे मागे जात १८५१ पर्यंत व्यवस्थित पोचले (१९३१ ची तर १९४२ च्या आगीत जळूनच गेली). १८५१ ला जॉन वॉकर, वय ४०, विणकर, जन्म अल्मंडबरी (हडर्सफील्डलगतचं). १८४१ मध्येही तोच सापडतो पण तिथे मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलीयत आणि जन्माचं गाव नाही, नुसतं याच काउंटीतला का हो किंवा नाही. म्हटलं लग्नाच्या नोंदीत बापाचं नाव मिळेल, तर लग्न नोव्हेंबर १८३६ चं! नागरी नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ ला, बापाचं नाव आणि धंदा लिहायचा रकाना तेव्हापासूनचा. म्हणजे आठ महिन्यांनी हुकलं. चर्चच्या रजिस्टरमध्ये नुसतं जॉन, नवरीचं नाव, दोघांच्याही सहीच्या जागी फुली, आणि दोन साक्षीदार. त्या फुलीची एक रेघ लांब आणि एक अगदी तोकडी आहे, ती मी किती वेळा मोठी करून बघितली असेल.

बाप्तिस्म्याच्या नोंदींत त्याच परिसरात तीन जॉन वॉकर आहेत, १८०९, १८११ आणि १८१२ चे, तिघांचे बाप वेगळे. बाप्तिस्म्याचे छापील फॉर्म १८१३ पासून आले, त्यात बापाचा धंदा असतो, आमचे तिघेही नेमके त्याच्या आधीचे. १८११ वाला धरला की वय जुळतं, पण वय जुळलं म्हणून कुणाच्याही बापाला आपला पणजोबा-खापरपणजोबा म्हणायचं हे मला पटत नाही.

तर कुणी असं कोडं सोडवलंय का? चर्चच्या रजिस्टरच्या बिशपकडे पाठवायच्या नकला बघून उपयोग होतो का, की मेथॉडिस्ट चॅपलची रजिस्टरं आधी बघू? नवऱ्याचं म्हणणं बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या डीएनएची टेस्ट करू. पण वॉकर हे धंद्यावरून पडलेलं नाव, गावोगावी वेगवेगळ्या माणसांना पडलेलं, १३७९ च्या डोईपट्टीच्या (माणशी कराच्या) याद्यांतसुद्धा वेस्ट रायडिंगमध्ये, म्हणजे यॉर्कशायरच्या पश्चिम भागात, हे नाव ठिकठिकाणी दिसतं, मग दुसऱ्या कुठल्या वॉकरशी जुळलं नाही तर त्यातून काय कळणार? आणि कृपया कुळाचं मानचिन्ह विकणाऱ्या साइट सुचवू नका. तसली चिन्हं एकेका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळायची, आडनावाला नाही, सासऱ्यांना मी तसलं चिन्ह छापलेला कप देणार नाही.

अपडेट: प्रतिसादात ज्या ताईंनी दफनाच्या नोंदी बघायला सांगितलं त्यांचे खूप आभार, हे मला सुचलंच नव्हतं. १८१३ पासूनच्या दफनाच्या फॉर्मवर वय आणि वस्ती दोन्ही असतं. काल रात्री एकेक पान चाळत बसले आणि १८१४ च्या फेब्रुवारीत सापडला, जॉन वॉकर, वय ३ वर्षं, वस्तीही १८११ च्या बाप्तिस्म्यातलीच. म्हणजे ज्याला मी आमचा धरून बसले होते तो मोठा झालाच नाही. पान बंदच करवेना. सकाळी सासऱ्यांना सांगितलं तर त्यांनी त्या पोराच्या आईचं नाव विचारलं, मी सांगितलं, त्यांनी ते स्वतःच्या वहीत लिहून घेतलं.

आता दोन जॉन उरलेत, १८०९ आणि १८१२. १८३६ च्या लग्नातल्या दोन साक्षीदारांपैकी एकाचं आडनाव वॉकर आहे, तो भाऊ असेल तर त्याचा बाप्तिस्मा दोनपैकी एका घरात सापडायला हवा. अल्मंडबरी, कर्कबर्टन किंवा कर्कहीटनची रजिस्टरं कुणी चाळली असतील तर प्लीज सांगा.