मदत हवी आहे: बटाट्याच्या बियाण्यात बांगडी रोग, लावू की परत करू?

मंडळी, आम्ही उचगावकडचे. लावणीसाठी बियाणं कापायला घेतलं, तर काही बटाट्यांत आत तपकिरी कडं. दाबलं की पांढरट चिकट द्रव येतो. बांगडीच ना ही, जीवाणूमुळं होणारा रोग? व्यापारी म्हणतो, "नासके काढा, बाकी लावा." पण एकाच विळीनं सगळे कापलेत, पात्यावरून चांगल्यांनाही लागला असणार. शिवाय हा जीवाणू मातीत राहतो, म्हणजे पुढं टोमॅटो, वांगी, मिरचीलाही धोका. करप्याला फवारणी तरी आहे, याला लागल्यावर औषधच नाही. उरलेलं न कापता अख्खं लावलं तर? तपासणी कुठं होईल, धारवाडच्या कृषी विद्यापीठात की बेळगावातच? पावती आहे, पण कच्ची. आई म्हणते, यंदा भातच कर. लवकर सांगा, रान तयार आहे.