बेल्ट दिला म्हणता, पण अडकवायचा कुठं?

शहापूरचा सुपरवायझर:
काल इथं एका गुत्तेदारानं लिहिलं, "बेल्ट, हेल्मेट सगळं देतो, हीच लोकं घालत नाहीत. पडली की आम्हाला धरता." खाली चाळीस जणांनी "बरोबर" म्हटलं. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय.

मी सोळा वर्षं बेळगावातल्या साइटींवर आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडचा गवंडी तिसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या गिलाव्यावरून पडला. कमरेला बेल्ट होता. हूक कुठं होता? परांचीच्या बांबूला. आणि तो बांबू काथ्याच्या दोरीनं बांधलेला. जून ते सप्टेंबर आपल्याकडं पाऊस कसा लागतो हे सांगायला नको. काथ्या आतून कुजतो, वरून दिसत नाही. परांची गेली, तिच्याबरोबर बेल्टही गेला, माणूसही. खुबा मोडला, आज वर्ष झालं तो काठीवर आहे. कागदावर काय लिहिलं? "सुरक्षा साहित्य पुरवले होते."

बेल्ट परांचीपासून वेगळ्या दोरीला अडकवायचा असतो. ती दोरी वरच्या स्लॅबच्या कॉलमला बांधायची. परांची पडली तरी माणूस लटकतो, पडत नाही. ती दोरी मी किती साइटींवर बघितली? दोन.

पायाच्या खड्ड्याचंही तेच. आयएस ३७६४, म्हणजे खोदकामाच्या सुरक्षेचं भारतीय मानक, सांगतं की दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर बाजूंना आधार द्या, माती कडेला टाकू नका. आपल्याकडं जेसीबी माती काठावरच ओततो. एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाच्या वर वजन. ती अंगावर आली की छाती फुगवायलाही जागा उरत नाही. तिथं हेल्मेट काय करणार?

गुत्तेदार, तिलकवाडी:
कालचं मीच लिहिलेलं. तुम्ही पगारदार माणूस, तुम्हाला सोपं आहे. मी स्वतः बिगारी म्हणून सुरुवात केली, घमेली उचलली. मालक स्क्वेअर फुटाच्या दरावर दहा रुपये पाडतो, गृहप्रवेश दिवाळीच्या आत पाहिजे म्हणतो, आणि दोरीचे पैसे मागितले तर दुसरा गुत्तेदार बघतो. गिलाव्याची माणसं फुटावर काम करतात. दर दोन पावलांना हूक काढा-घाला केलं तर त्यांचं फूट भरत नाही, म्हणून तीच काढून ठेवतात. हे खोटं आहे का?

शहापूरचा सुपरवायझर:
खोटं नाही. पण फुटाचा दर कुणी लावला? त्या गवंड्यानं नाही.

वडगावची लेक:
माझे वडील सेंट्रिंग काढताना गेले. बीमखालचे टेकू आठव्या दिवशी काढायला लावले, फळ्या दुसऱ्या साइटला पाहिजे होत्या म्हणून. इथल्या इंजिनिअरांना माहीत असेल, काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याप्रमाणं सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू चौदा दिवस ठेवायचे. बाबांना माहीत होतं. ते बोलले पण होते, घरी येऊन आईला सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी कामावर गेले कारण शनिवारी आठवड्याचा पगार मिळणार होता.

बांधकाम कामगार कल्याण मंडळाचं कार्ड नव्हतं. नव्वद दिवस काम केल्याचा दाखला पाहिजे, आणि गुत्तेदार सही देईना. म्हणाला, सही केली की तू माझा कामगार ठरतोस. बाबा त्याच्याकडं चार वर्षं होते.

खानापूर रोड:
ताई, वाईट वाटलं. पण मूळ मुद्दा कुणीच बोलत नाही. साइटवरचे फलक, फॉर्म, सगळं फक्त कन्नडात. भाषिक अल्पसंख्याकांबद्दलच्या केंद्राच्या १९५६ च्या निवेदनात, जिथं १५ ते २० टक्के लोक त्या भाषेचे आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात असं म्हटलंय. खानापूर तालुक्यात मराठी माणूस किती आहे बघा. माझा मामा मराठी शाळेत शिकलेला. विजेच्या पॅनेलवरचा फलक वाचता आला नाही, हात घातला. तीन बोटं गेली.

सेंट्रिंगवाला:
झालं, आला सीमाप्रश्न. माझ्या साइटवर चौदातली पाच माणसं यादगिरीची, चार बिहारची, पाच खानापूर भागातली. निम्म्यांना कुठलीच लिपी वाचता येत नाही. मराठी फलक लावून काय होणार?

खानापूर रोड:
तुम्हाला काय होणार कळत नसेल, माझ्या मामाला कळलं असतं. साठ वर्षं हेच ऐकतोय, "त्याने काय होणार". तोंड सांभाळून बोला.

सेंट्रिंगवाला:
तोंड मी सांभाळूनच बोलतोय. तुमच्यासारख्यांनी प्रत्येक गोष्ट मोर्चात नेली म्हणून लेबर ऑफिसात आपलं कुणी ऐकून घेत नाही. पॅनेलला दार नव्हतं, कुलूप नव्हतं, ओल्या जागेत ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटण, नव्हतं, हे आधी विचारा. फलक नंतर.

खानापूर रोड:
कुलूप नव्हतं, हे खरं. ते मान्य करतो. पण फलकही पाहिजे होता, आणि यादगिरीवाल्यासाठी कन्नड, बिहारवाल्यासाठी हिंदी, सगळ्यांसाठी चित्र. मी कन्नड काढा म्हटलंच नाही. मराठी घाला म्हटलं. एवढं बोललं की लगेच मोर्चा दिसतो तुम्हाला.

सेंट्रिंगवाला:
चित्राचं पटतं. बाकीचं नाही.

वडगावची लेक:
बाबांच्या वेळी फलक कुठल्याच भाषेत नव्हता. तुमचं भांडण झालं असेल तर गुत्तेदारांना एक विचारायचंय. १९९६ च्या कायद्यापासून कामगारांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चाचा एक टक्का सेस, म्हणजे उपकर, घेतात. कर्नाटकात मंडळ २००७ साली झालं. पैसा कामगाराच्या नावानं जमतो आणि कार्ड नसलं की कामगारालाच मिळत नाही. तुम्ही दाखल्यावर सही करता का?

गुत्तेदार, तिलकवाडी:
तुमच्या वडिलांचा गुत्तेदार मी नव्हे, हे आधी लिहितो. सही करायला भीती वाटते हे खरं. उद्या काही झालं तर भरपाई अंगावर येते.

शहापूरचा सुपरवायझर:
सही नसली तरी येते. कर्मचारी भरपाई १९२३ च्या कायद्यापासून चालत आलीय, ती दाखला बघून ठरत नाही. तुमच्याकडं काम करताना अपघात झाला एवढं सिद्ध झालं की पुरे.

गुत्तेदार, तिलकवाडी:
ठीक आहे. सह्या करतो. दोरीचंही पुढच्या इस्टिमेटात वेगळी ओळ घालून मालकाला दाखवतो, दिले पैसे तर दिले. नाही दिले तरी तिसऱ्या मजल्यावर माणूस असताना लावीन. पण काल मी जे लिहिलं ते पूर्ण चुकीचं होतं असं म्हणणार नाही. माणसं बेल्ट काढतात, मी बघितलंय.

वडगावची लेक:
किती जण आहेत तुमच्याकडं?

गुत्तेदार, तिलकवाडी:
अकरा. नव्वद दिवस भरलेले सात.

वडगावची लेक:
बाकीच्या चौघांची हजेरी वहीत लिहिता का?

गुत्तेदार, तिलकवाडी:
दोघांची.