गिझरच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकत होतं, प्लंबरने भोकच बुजवलं. मदत हवी आहे

पारिजात

नमस्कार मंडळी. कालपासून जिवाला घोर लागला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. जुनी चार मजली इमारत पुनर्विकासात गेली आणि दिवाळीनंतर नव्या टॉवरमध्ये राहायला आलो. इमारत २७ मजल्यांची, आमचं घर पाचव्या मजल्यावर. गिझर जुन्या घरातलाच आणून लावला. २५ लिटर, २ किलोवॅट, ९ वर्षं वापरलेला. तिकडे कधी एक थेंब गळला नव्हता.

इथे पंधरा दिवसांतच गिझरच्या खाली, थंड पाण्याच्या जोडणीवर जो छोटी तरफ असलेला पितळी व्हॉल्व्ह आहे, त्याच्या बाजूच्या भोकातून पाणी ठिबकायला लागलं. खाली बादली ठेवली, सकाळी तिच्यात पाणी साठलेलं असायचं. पण सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, पहाटे पाचला आंघोळीला जातात. अंधारात बादलीला पाय लागेल, ओल्या लादीवरून घसरतील, ही धास्ती. शेवटी काल प्लंबरला बोलावलं. ‘व्हॉल्व्ह गेलाय, दुसरा आणेपर्यंत असू द्या’ म्हणाला आणि भोकात एम-सील दाबून भरलं. गळती बंद झाली.

रात्री गिझर तापल्यावर गरम नळ उघडला, तर पहिला फवारा एवढ्या जोरात आला की हातातला मग उडाला. दोन सेकंदांत धार नेहमीसारखी झाली. असं आधी कधीच झालं नव्हतं. आता त्या बाथरूममध्ये सासूबाईंना पाठवायला मन धजत नाही.

प्लंबर उद्या ‘आठ किलोचा व्हॉल्व्ह’ आणून बसवतो म्हणतोय, म्हणजे पुन्हा गळणार नाही. गिझरच्या स्टिकरवर ०.६५ एमपीए असं लिहिलंय. बसवू द्यावा का?

बॉयलरवाला_लालबाग

पारिजातताई, पुढचं नंतर वाचा, आधी उठून गिझरचा एमसीबी, म्हणजे वीजपेटीतला खटका, खाली पाडा. नुसतं बटण बंद करू नका, घरात कुणीतरी सवयीने चालू करतं. मग गरम नळ उघडून थोडं पाणी जाऊ द्या, म्हणजे आतला दाब उतरेल. नवा व्हॉल्व्ह लागेपर्यंत आजींचं पाणी पातेल्यात गॅसवर तापवा. मी ३१ वर्षं बॉयलर हाऊसमध्ये काढली आहेत. सेफ्टी व्हॉल्व्हला खुंटी मारणं हा आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा होता, आणि गिझर लहान म्हणून नियम बदलत नाही.

आणि आठ किलोचा व्हॉल्व्ह अजिबात नको. ०.६५ एमपीए म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण साडेसहा किलो दाब. तुमची टाकी तेवढ्याच दाबासाठी बनवली आहे. व्हॉल्व्ह आठला उघडणारा बसवला, तर साडेसहा ते आठच्या मधला सगळा ताण टाकीच्या पत्र्यावर आणि वेल्डिंगवर, तोही ९ वर्षं जुन्या. व्हॉल्व्ह टाकीला जुळणाराच हवा.

एक सांगा, जुन्या घरी हाच व्हॉल्व्ह होता का?

पारिजात

एमसीबी पाडला, त्यावर चिकटपट्टी लावून ‘हात लावू नये’ लिहिलं. नळ उघडून दाबही सोडला.

नाही, जुन्या घरी नव्हता! तो गिझरच्या खोक्यातच आला होता. तेव्हाचा प्लंबर म्हणाला होता, टाकी डोक्यावरच आहे, गरज नाही. नऊ वर्षं कपाटात पिशवीत पडून होता. इथल्या प्लंबरने शिफ्टिंगच्या वेळी बसवला.

बॉयलरवाला_लालबाग

मग अर्धं कोडं सुटलं.

पाणी तापलं की फुगतं. २७ अंशांवरचं २५ लिटर पाणी ६० अंशांवर नेलं, तर साधारण ३३० मिलिलिटरने वाढतं, म्हणजे चहाचे दोन-तीन कप. गिझरची टाकी तर काठोकाठ भरलेली असते, हवेला जागाच नाही. ते वाढलेलं पाणी जाणार कुठे? जुन्या घरी ते थंड पाण्याच्या पाइपातून उलटं वर, गच्चीवरच्या टाकीत सरकायचं. तुम्हाला कळतही नसे.

नव्या घरी तुमच्या व्हॉल्व्हमध्ये एकमार्गी झडप आहे, नॉन-रिटर्न. पाणी आत जाऊ देते, मागे फिरू देत नाही. ती हवीच, नाहीतर गरम पाणी थंडाच्या लाइनीत घुसतं. पण त्यामुळे टाकी बंदिस्त झाली. फुगलेलं पाणी दाब वाढवतं, दाब साडेसहावर गेला की स्प्रिंग उचलली जाते, थोडं पाणी भोकातून बाहेर, दाब खाली. तापताना ठिबकणं हे त्या व्हॉल्व्हचं काम आहे, खराबी नव्हे. काल रात्री मग उडवणारा फवारा म्हणजे तेच अडकून राहिलेलं पाणी.

पण तुम्ही लिहिलंय, सकाळी बादलीत पाणी असायचं. रात्री गिझर चालू ठेवता का?

घाटकोपरकर

एवढं घाबरण्यासारखं काही वाटत नाही. आमच्या गिझरचं ते भोक ४ वर्षांपूर्वी प्लंबरने बंद केलंय. रोज वापरतो, काहीही झालेलं नाही. थर्मोस्टॅट असतोच ना, तो वेळेवर बंद करतो.

बॉयलरवाला_लालबाग

घाटकोपरकर, तुम्हीही आजच एमसीबी पाडा, ही कळकळीची विनंती. चार वर्षं तुमचं घर एका थर्मोस्टॅटवर उभं आहे. आत संपर्काचे दोन बारीक पत्रे असतात. ते कधीतरी एकमेकांना चिकटतात आणि हीटर बंदच होत नाही. त्याच्या मागे कटआउट असतो, पाणी फार तापलं की वीज तोडणारा, पण कुणीतरी दुरुस्तीत तो बायपास केलेला मी स्वतः दोनदा पाहिला आहे.

मग काय होतं? उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळतं, वाफ उडून जाते. सहा किलो दाबाखाली ते साधारण १६५ अंशांपर्यंत उकळतच नाही, पाणीच राहतं. अशा वेळी टाकी फाटली की दाब एकदम नाहीसा होतो. २५ लिटरपैकी सुमारे ३ लिटर पाण्याची त्याच क्षणी वाफ होते, आणि ती वाफ जागा घेते पाच हजार लिटर. आपलं पाच बाय सात फुटांचं बाथरूम, आठ फूट उंच धरलं तरी आठ हजार लिटरांचंही भरत नाही. दार बंद, आत माणूस. मला याहून जास्त लिहवत नाही.

नीरजा_यूके

मूळची डोंबिवलीची, आता इंग्लंडमध्ये. इथल्या घरांत पूर्वी माळ्यावर थंड पाण्याची उघडी टाकी असे, आणि गरम पाण्याच्या सिलिंडरमधून एक पाइप वर जाऊन तिच्यावर वाकवलेला असे. फुगलेलं पाणी, वाफ, सगळं तिथून बाहेर. बंदिस्त, दाबाखालचे सिलिंडर घरात बसवायला १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत परवानगीच नव्हती. मग दिली, पण अटी घालून: थर्मोस्टॅट, त्याच्यावर वेगळा कटआउट, जो एकदा पडला की हातानेच पुन्हा चालू करावा लागतो, आणि दाब व तापमान दोन्हींवर उघडणारा व्हॉल्व्ह. पाणी १०० अंशांवर जाता कामा नये, हा त्यामागचा नियम. फुगणाऱ्या पाण्यासाठी रबरी पडदा असलेली छोटी टाकीही जोडतात, त्यामुळे एरवी थेंबही पडत नाही. बसवणाराही त्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलेला लागतो.

मला आवडलेली गोष्ट म्हणजे, व्हॉल्व्हचं पाणी थेट बंद पाइपात सोडत नाहीत. मध्ये एक उघडी नरसाळ्यासारखी वाटी ठेवतात. पाणी पडताना डोळ्यांना दिसलंच पाहिजे, म्हणजे घरातल्या माणसाला कळतं की काहीतरी बिघडलंय.

पारिजात

सगळ्यांचे मनापासून आभार. घाटकोपरकर, तुम्ही बंद केलात की इथे एक ओळ लिहा, प्लीज.

बॉयलरवाला दादा, एरवी रात्री गिझर बंदच असतो. आम्ही पहाटे साडेचारला लावतो आणि गिझरचा दिवा विझला की बंद करतो, अर्धा तास लागतो.

बॉयलरवाला_लालबाग

अर्ध्या तासात दिवा विझतो, म्हणजे थर्मोस्टॅट ठीक दिसतोय. २ किलोवॅटला २५ लिटर ६० वर न्यायला तेवढाच वेळ लागतो.

बंद गिझर रात्री ठिबकतो, तर ते फुगलेलं पाणी नव्हे. तो लाइनीचा दाब आहे. हिशेब करा: टाकी २७ मजल्यांच्या वर, तुम्ही पाचव्यावर. मध्ये २२ मजले, मजल्याला तीन मीटर धरले तर ६६ मीटर पाण्याचा स्तंभ. दहा मीटरला एक किलो, म्हणजे साडेसहाच्या वरच. म्हणून अशा इमारतीत खालच्या मजल्यांच्या लाइनीवर डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीत, प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह लावतात, तो दाब दोन-तीन किलोवर आणतो. त्याच्या सीटमध्ये, म्हणजे झडप जिथे टेकते तिथे, कचरा अडकला तर दिवसा कळत नाही, कारण सगळे नळ चालू असतात. रात्री कुणी पाणी घेत नाही, ते बारीक झिरपणं साठत जातं आणि पहाटेपर्यंत पूर्ण स्तंभाचा दाब तुमच्या नळावर येतो.

अंदाजावर जाऊ नका, मोजा. आधी साडेसहाचाच नवा व्हॉल्व्ह गिझरच्या कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडून बसवून घ्या. व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कुठलाही कॉक नको, अँगल कॉक असेल तो व्हॉल्व्हच्या अलीकडे, थंड पाणी येतं त्या बाजूला. भोकाला नळी लावून तिचं तोंड नहाणी ट्रॅपवर उघडं सोडा, उतार खालीच हवा, आणि नळी गरम पाणी सोसणारी असू द्या. मग दोन वेगळ्या बाटल्या ठेवा, एक रात्रीची, एक तापतानाची. आणि एक प्रेशर गेज आणा.

पारिजात

आठ दिवसांनी लिहितेय, कारण खरोखर मोजत बसले होते.

नवा व्हॉल्व्ह सोमवारी लागला. जुना मी ठेवून घेतला आहे. एम-सील इतकं घट्ट बसलं होतं की सर्व्हिसवाल्याला स्क्रूड्रायव्हरने टोकरूनही निघेना. त्याच्यावर प्लंबरच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसतो. तो हातात घेतला की अजून पोटात गोळा येतो.

गेज साडेतीनशे रुपयांत मिळालं, वॉशिंग मशीनच्या नळाला बसवलं. सकाळी नऊला २.६ किलो. रात्री बाराला ४.१. मुद्दाम गजर लावून उठले, पहाटे ३:१० ला ६.८! तापतानाच्या बाटलीत ३०० मिलिलिटरच्या आसपास. रात्रीची दीड लिटरची बाटली मात्र भरून वाहिली होती. तुमचा हिशेब तंतोतंत.

गेजचे फोटो घेऊन सेक्रेटरींकडे गेले. आधी ‘तुमचा गिझर जुना आहे, मॅडम’ असं झालं. मी म्हटलं, रात्री तीनला माझ्याबरोबर या आणि काटा बघा. ते खरंच आले, त्यांच्या मिसेसही आल्या. दुसऱ्याच दिवशी डक्ट उघडला. तिथल्या दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या गाळणीत सिमेंटची कच आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे निघाले, बांधकामाच्या वेळचे. सीटचं रबर चिरलेलं होतं. ते बदललं.

त्या एका व्हॉल्व्हवर दुसऱ्या ते नवव्या मजल्यापर्यंतची घरं आहेत. मी आणि सेक्रेटरींच्या मिसेस प्रत्येक घरी जाऊन गिझरखाली बघून आलो. तीन घरांत भोक बुजवलेलं सापडलं, एकात तर लाकडी खुंटी ठोकलेली. त्या घरात सहा महिन्यांचं बाळ आहे. तिन्ही घरांचे एमसीबी तिथेच पाडले.

घाटकोपरकर

बंद केला, ताई. सर्व्हिसवाला काल येऊन गेला. कटआउटच्या दोन वायरी एकत्र पिळून जोडलेल्या होत्या. नवा गिझर घेतोय.

बॉयलरवाला_लालबाग

घाटकोपरकर, मोठं काम केलंत. नवा घेताना आयएसआय शिक्का आणि आयएस २०८२ हा क्रमांक बघा, आणि टॉवरमध्ये असाल तर ०.८ एमपीएची टाकी घ्या. तिच्याबरोबरचा व्हॉल्व्ह खोक्यात राहू देऊ नका.

पारिजातताई, तुमचाही ९ वर्षांचा आहे. टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, टाकीऐवजी ती झिजते. संपली की गंज टाकीला लागतो. आपलं तलावाचं पाणी मऊ आहे, पण उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं येत असेल तर आत क्षारांचा थर बसतो. या महिन्यात उघडून बघा, कांडीची नुसती तार उरली असेल तर गिझर बदला. आणि आजींना सांगा, बादलीत आधी थंड, मग गरम. ६० अंशांचं पाणी म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं.

रात्रीचा दाब आता किती?

पारिजात

काल पहाटे ३ वाजता २.९, आजही २.९. रात्रीची बाटली कोरडी. तापतानाची २९० मिलिलिटर, आणि ती आता सासूबाई स्वतः तुळशीला घालतात.

कांडी रविवारी उघडून घेते आहे. व्हॉल्व्हची तरफ किती दिवसांनी उचलायची?

बॉयलरवाला_लालबाग

महिन्यातून एकदा, गिझर थंड असताना. पाणी जोरात आलं पाहिजे आणि सोडल्यावर थांबलं पाहिजे. नाही आलं तर व्हॉल्व्ह जाम झालाय, त्याच दिवशी बदला.