प्रिन्सेसा, इन्फान्ता आणि आपली एकुलती एक राजकन्या

शाईचा डाग:
मुलांच्या मासिकासाठी स्पेनच्या लिओनोरवर दोन पानं लिहितेय. तिसऱ्याच वाक्याला गाडी अडली. स्पॅनिशमध्ये लिओनोर 'प्रिन्सेसा' आणि तिची दीड वर्षाने धाकटी बहीण सोफिया 'इन्फान्ता'. प्रिन्सेसा म्हणजे गादीची वारस (किंवा वारसाची बायको), राजाची बाकीची मुलं इन्फान्ते. मी दोघींनाही राजकन्या लिहिलं, तर संपादकबाईंनी लिओनोरची 'युवराज्ञी' केली. मला ती युवराजाची बायको वाटते. हिचं तर लग्नही नाही, २००५चा जन्म. काय लिहू?

जुना बाजार:
संपादकबाई चुकल्या. राजाची राज्ञी, युवराजाची युवराज्ञी. स्वतःच्या हक्काने वारस असलेल्या मुलीला आपल्याकडे शब्दच नाही, कारण तशी वेळच आली नाही.

खमंग काकडी:
असं कसं? माझी आजी राणीछाप रुपया डब्यात जपून ठेवायची. त्यावर राणीचा नवरा कुठे होता? राणी दोन्ही अर्थांनी चालते, तर युवराज्ञीही चालेल.

मधली आळी:
आणि वेळ आली नाही म्हणे! काकतीयांची रुद्रमादेवी गादीवर बसली ती 'रुद्रदेव महाराज' म्हणून. पद पुल्लिंगीच ठेवलं. २००७ मध्ये प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या तेव्हाही आपण असाच काथ्याकूट केला होता, शेवटी राष्ट्रपतीच राहिलं ना? सरळ 'युवराज लिओनोर' लिहा.

शाईचा डाग:
दहा वर्षांचं पोर वाचणार आहे. त्याला तो मुलगा वाटेल.

खमंग काकडी:
मग 'गादीची वारसदार' लिहा आणि मोकळ्या व्हा.

जुना बाजार:
वारसदार नको हो! वारस म्हणजेच वारसा घेणारा. त्याला पुन्हा 'दार' कशाला? जमीनदाराकडे जमीन, तसा वारसदाराकडे वारस असणार. म्हणजे तो बाप झाला.

खमंग काकडी:
तलाठ्यापुढे अख्खं गाव वारसदारच म्हणतं. व्याकरणाने सातबाऱ्यावर नाव लागत नाही.

माळव्याची माती:
एवढं कशाला? थोरली राजकन्या, धाकटी राजकन्या. आमच्या देवासला दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. कुणाचा घोळ नाही झाला.

शाईचा डाग:
थोरलेपणावर नाही ना ते! तिचे वडील, राजे सहावे फेलिपे, तिघा भावंडांत शेंडेफळ. एलेना १९६३ची, क्रिस्टिना १९६५ची, हे १९६८चे. तरी गादी यांना, कारण १९७८च्या राज्यघटनेतही भावंडांत मुलगा आधी. लिओनोरला पाठीवर भाऊ झाला असता तर तीही इन्फान्ताच राहिली असती. स्वीडनने हा नियम १९८०मध्ये मोडला, बेल्जियमने १९९१मध्ये. स्पेनमध्ये अजून तसाच. 'थोरली म्हणून वारस' असं वाचून मुलं भलतंच शिकतील.

मधली आळी:
म्हणजे एलेनाबाई साठी उलटूनही इन्फान्ता? मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'बोलता न येणारं मूल' ना?

शाईचा डाग:
हो, आणि पायदळाची इन्फन्ट्रीही त्याच घरातली. पण लष्करात गेली ती प्रिन्सेसा. २०२३ मध्ये सारागोसाची लष्करी प्रबोधिनी, त्याच वर्षी अठराव्या वाढदिवशी संसदेत राज्यघटनेची शपथ, पुढे मारीनची नौदल शाळा. जानेवारी २०२५ मध्ये कादिसहून चार डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजावर निघाली. तिथला तिचा हुद्दा 'गार्दियामारिना', तोही अडलाय. पण आधी प्रिन्सेसाचं बोला.

खाडीपल्याड:
डोलकाठी? आमच्याकडे नुसती काठी म्हणतात. डोल म्हणजे जाळं. चार काठ्यांना डोल लावून कुठे निघाली पोर, बोंबील धरायला?

जुना बाजार:
डोलते म्हणून डोलकाठी. जाळ्याशी संबंध नाही.

खाडीपल्याड:
काठी डोलायला लागली तर होडी राहील का? कधी बसलायत शिडाच्या होडीत?

शाईचा डाग:
चार वाजता पान द्यायचंय. तूर्तास 'वारस राजकन्या लिओनोर आणि राजकन्या सोफिया' लिहिते. कुणाची हरकत?

माळव्याची माती:
जाळ्याला डोल का म्हणतात पण? आमच्याकडे विहिरीतून पाणी काढायच्या भांड्याला डोल म्हणतात.