राष्ट्र म्हणजे नक्की कोण? लिबर्टेरियन मंडळींचा आक्षेप समजून घ्यायचाय

कलिना_एमए:
आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांच्या १९७९ च्या वास्तववादात (राष्ट्रं आपल्या सुरक्षेच्या हिशेबाने वागतात, हा सिद्धांत) राष्ट्र हा एकच अखंड घटक. राष्ट्रांच्या वर कुणी धनी नाही, म्हणून ज्याने त्याने आपली ताकद सांभाळायची. लिबर्टेरियन, म्हणजे सरकारचा हात कमीत कमी असावा म्हणणारे, यात नेमकं काय खोडून काढतात? ‘युद्ध वाईट, व्यापार चांगला’ एवढंच असेल तर त्याला सिद्धांत कसा म्हणायचा?

सोनाराचा_नातू:
ते पहिल्याच पायरीवर अडवतात. ‘भारताने ठरवलं’ म्हणताना ठरवणारे मूठभर असतात, भरपाई करणारे वेगळेच.

माझे आजोबा झवेरी बाजारात कारागीर, मंगळसूत्राच्या वाट्या घडवायचे. १९६२ चं चीन युद्ध महिन्याभरात थांबलं आणि जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. १४ कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही! म्हणजे शंभरात अठ्ठावन्न भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. हातोडीखाली ते ताठ राहायचं, आणि लग्नघरच्या बायका रंग बघूनच वाट्या परत करायच्या. आजोबांनी मूस, फुंकणी, चिमटे धोतराच्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकले आणि गिरणीत बदलीवर लागले. १४ कॅरेटची अट पुढे उठली, पण नियंत्रणाचा १९६८ साली रीतसर कायदा झाला आणि तो थेट १९९० मध्ये गेला. तेव्हा आजोबा नव्हते.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट हिग्ज यांनी १९८७ मध्ये हेच मांडलं: संकटात सरकार फुगतं, संकट सरलं तरी पूर्वीइतकं ओसरत नाही. वॉल्ट्झच्या चौकटीत माझे आजोबा कुठे बसतात ते मला अजून सापडलेलं नाही.

दादर_पश्चिम:
दादा, वाईट वाटलं वाचून. पण चीन चालून आला होता. आणि १९१४ मध्ये ब्रिटन-जर्मनी एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होते, तरी लढलेच ना?

सोनाराचा_नातू:
१९१४ चा मुद्दा बोचतो, मान्य. व्यापाराने युद्ध महाग होतं, अशक्य होत नाही. मुक्त व्यापारवाला ब्रिटिश पुढारी कॉब्डेन, त्याने १८६० मध्ये फ्रान्सशी व्यापार करार घडवला तोही दोन्हीकडे संशय असतानाच. पण सैन्यच नको, असं बहुतेक लिबर्टेरियन म्हणत नाहीत. राजाजी-मसानींचा स्वतंत्र पक्ष चीनबाबत नेहरूंपेक्षा कडक होता आणि परमिट राजच्याही (धंद्याला पदोपदी सरकारी परवाना) विरोधात होता. तवांगच्या जवानाला रायफल हवीच होती. वाट्यांचा कस उतरवून ती मिळाली का, एवढंच विचारतोय.

कलिना_एमए:
सुवर्ण नियंत्रणावरच प्रबंध लिहावा म्हणतो. ती फुंकणी अजून आहे का हो?

सोनाराचा_नातू:
आहे. टोकाला काळी पडलीय. गिरगावात आलास की दाखवतो.